वर्षाचा किराणा 39 डॉलर 93 सेंटांत: स्टिगलर यांच्या हिशेबाचे प्रकरण

काटकसरीने खाण्याचे सल्ले पैशाला पासरी मिळतात. यादी करून जा, हंगामातली भाजी घ्या, मोठे पुडे घ्या. यातल्या प्रत्येकाने खर्च थोडा खाली येतो. पण असा खाली आणत गेलो तर तळ नेमका कुठे लागतो? शरीराला लागते ते सगळे मिळाले पाहिजे आणि त्यापलीकडे एक सेंटही जाता कामा नये, असा किराणा कितीचा होईल? अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी हा प्रश्न इतक्या टोकाला नेऊन विचारला आणि मे 1945 मध्ये 'जर्नल ऑफ फार्म इकॉनॉमिक्स'मध्ये त्याचे उत्तर छापले. पुढे 1982 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, पण ते दुसऱ्याच कामासाठी. हे प्रकरण मात्र स्वयंपाकघराच्या जवळचे आहे, आणि त्याचे उत्तर चुकीचे नसूनही ते कुणी ताटात वाढून घेतले नाही. म्हणूनच ते नीट उलगडून पाहण्यासारखे आहे.

माणूस आणि त्याच्या गरजा

माणूस एकच, तोही कागदावरचा. वजन 154 पौंड, म्हणजे सुमारे 70 किलो. काम बेताच्या श्रमाचे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 1943 मध्ये माणसाला रोज काय किती लागते याचा तक्ता प्रसिद्ध केला होता. त्यातले नऊ घटक स्टिगलर यांनी घेतले: 3,000 कॅलरी, 70 ग्रॅम प्रथिने, 0.8 ग्रॅम कॅल्शियम, 12 मिलिग्रॅम लोह, 'अ' जीवनसत्त्वाची 5,000 एकके, 1.8 मिलिग्रॅम थायमिन, 2.7 मिलिग्रॅम रायबोफ्लेविन, 18 मिलिग्रॅम नायसिन (ही शेवटची तिन्ही 'ब' गटातली जीवनसत्त्वे) आणि 75 मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व. समोर दुकानातले 77 पदार्थ. त्यात मैदा, तांदूळ, ब्रेड होते, दूध, लोणी, अंडी होती, मांसाचे नाना प्रकार, फळे, ताज्या आणि डबाबंद भाज्या, साखर, चहा, कॉफी, अगदी स्ट्रॉबेरीचा मुरंबासुद्धा होता. मीठमसाले नव्हते. भाव ऑगस्ट 1939 चे, सरकारी कामगार आकडेवारी विभागाने नोंदवलेले.

चाळणी

या प्रकरणात मला सगळ्यात मोलाची वाटते ती शेवटची यादी नाही, त्याआधीची चाळणी. कारण ती कोणत्याही किराण्याला लावता येते, आणि गणित न येणाऱ्यालाही.

आपण भाव पाहतो तो पौंडाचा किंवा किलोचा. स्टिगलर यांनी तो उलटा केला: एका डॉलरला काय काय पदरात पडते? एका डॉलरच्या मैद्यात 44,700 कॅलरी येत होत्या, एका डॉलरच्या साखरेत 34,900. साखर स्वस्तात ताकद देते असे आपण धरून चालतो, पण इथे ती कॅलरीच्या शर्यतीतही मैद्याच्या मागे पडली. शिवाय मैद्यासोबत प्रथिने, लोह, 'ब' गटातली जीवनसत्त्वे फुकटात येत होती (हा मैदा जीवनसत्त्वे आणि लोह मिसळलेला होता), साखरेसोबत काहीच नाही. म्हणजे साखरेला यादीत ठेवायला एकही कारण उरले नाही. हाच नियम: एखादा पदार्थ प्रत्येक बाबतीत दुसऱ्या एका पदार्थापेक्षा मागे असेल, तर तो बाद. चहा आणि कॉफी याच पायरीवर गळाल्या. 77 मधून 15 उरले.

पण हा नियम जितका निर्दय तितकाच सावधही आहे. पालकाकडे पाहा. एका डॉलरच्या पालकात जेमतेम 1,100 कॅलरी. पोट भरायला पालक घेणे म्हणजे पैसे पाण्यात. तरीही तो चाळणीवर टिकला, कारण तेवढ्याच पैशांत 'अ' जीवनसत्त्वाची नऊ लाखांहून जास्त एकके मिळत होती. कोबी टिकला तो 'क' जीवनसत्त्वावर, डॉलरला 5,369 मिलिग्रॅम. एकाच गुणावर पण ठामपणे उभा असलेला पदार्थ टिकतो. सगळ्यातच मधला असलेला आणि भाव मात्र चढा असलेला पदार्थ जातो. बिल फुगवणाऱ्या बहुतेक वस्तू या दुसऱ्या जातीच्या असतात, हे माझे मत. स्टिगलर तसे म्हणत नाहीत.

निकाल

उरलेल्यांमधून निवड करण्याची सरळ रीत तेव्हा उपलब्ध नव्हती. स्टिगलर यांनी ती अदमासाने, निरनिराळ्या जोड्या लावून, पण फार चतुराईने केली. वर्षाची यादी अशी निघाली: मैदा 370 पौंड (13 डॉलर 33 सेंट), आटवलेल्या दुधाचे 57 डबे (3.84), कोबी 111 पौंड (4.11), पालक 23 पौंड (1.85) आणि नेव्ही बीन्स, म्हणजे राजम्याच्या कुळातले बारीक पांढरे सुके दाणे, 285 पौंड (16.80). एकूण 39 डॉलर 93 सेंट. दिवसाला अकरा सेंटही नाहीत.

वर्षाचे आकडे वाचताना फसगत होते, म्हणून हे एका दिवसाच्या ताटात मांडून पाहू. सुमारे 460 ग्रॅम मैदा. साडेतीनशे ग्रॅम सुके बीन्स, जे शिजल्यावर पाऊण किलोच्या वर जातात. 140 ग्रॅम कोबी. पालकाची पाने उणीपुरी 30 ग्रॅम. दुधाचा एक डबा सहा-सात दिवस पुरवायचा. तेल नाही, कांदा नाही, गोडाचा कण नाही. आज हे, उद्या हे, आणि 365 व्या दिवशीही हेच. पोटात एवढे बीन्स रोज गेल्यावर घरातल्या इतरांचे काय होईल, तो मुद्दा वेगळाच.

बिल कशामुळे वाढते

दोन वर्षांनी, 1947 च्या शरद ऋतूत, या कोड्याचे नेमके उत्तर निघाले. गणितज्ज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी त्याच वर्षी सिम्प्लेक्स पद्धत, म्हणजे अनेक अटी पाळून सर्वांत स्वस्त जोडणी नेमकी शोधण्याची रीत, शोधली होती आणि ती जोखायला त्यांना एखादे खरे, किचकट उदाहरण हवे होते. नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या जॅक लॅडरमन यांनी स्टिगलर यांचे कोडे घेतले. नऊ कारकून, हाताने चालवायची टेबलावरची गणकयंत्रे, आणि सगळ्यांचे मिळून सुमारे 120 दिवसांचे काम. आकडेमोडीचे कागद एकमेकांना चिकटवत गेल्यावर त्यांची जेवणाच्या टेबलावर अंथरायच्या चादरीएवढी घडी झाली म्हणतात. उत्तर आले 39 डॉलर 69 सेंट. स्टिगलर यांचा अंदाज वर्षाला फक्त 24 सेंटांनी चुकला होता.

नेमक्या उत्तरात दूध गेले आणि त्याच्या जागी थोडी बीफची कलेजी आली. बाकीचे चौघे तेच, मापे थोडी इकडेतिकडे. पण खरी मौज आहे ती घटकांच्या हिशेबात. या आहारात प्रथिने गरजेच्या दुपटीहून जास्त भरतात. लोह तर पाचपट. मैदा आणि बीन्सने कॅलरी भरत जावे, तसतसे हे दोन्ही न मागता येत राहतात. काट्यावर येऊन थांबतात ते पाच घटक: कॅलरी, कॅल्शियम, 'अ', रायबोफ्लेविन आणि 'क'. बिल ठरते ते यांच्यावर. या माणसाची प्रथिनांची गरज 70 वरून 60 ग्रॅमवर आणली असती, तरी एक सेंट वाचला नसता. 100 वर नेली असती, तरी एक सेंट वाढला नसता. कॅल्शियमची गरज मात्र तसूभर वाढवली की बिल लगेच हलते.

तंग हातात खाणाऱ्या कुणालाही हा प्रश्न स्वतःच्या किराण्याला विचारता येतो: माझ्याकडे काय आपोआप भरते आणि काय अडते? धान्य आणि डाळीकडधान्य पुरेसे असलेल्या घरात प्रथिनांच्या नावाने वेगळा खर्च होत असेल, तर तो बहुधा आधीच भरलेल्या भांड्यात ओतला जातो. आणि भाजी-दुधावर कात्री चालली असेल, तर नेमके अडलेल्या ठिकाणीच हात आखडला जातो. काटकसर करताना पहिली कात्री भाजीवर पडते, कारण भाजीने पोट भरत नाही. हिशेब सांगतो की तीच सर्वांत चुकीची जागा आहे. बीन्सचेही असेच: डॉलरला 1,691 ग्रॅम प्रथिने, गोमांसाच्या बऱ्या तुकड्याच्या दहापटीच्या घरात. इतका मोठा फरक असल्यावर मांस थोडे कमी केले आणि सुटलेले पैसे पालक-कोबीकडे वळवले, तर ताट अंगाने कमी न होता गुणाने वाढते.

भाव बदलले की यादी बदलते

स्टिगलर यांनी हाच हिशेब ऑगस्ट 1944 च्या भावांनी पुन्हा मांडला. मधल्या काळात दुसरे महायुद्ध पेटले होते. तळ वर आला होता: 59 डॉलर 88 सेंट, म्हणजे जवळजवळ दीडपट. पण नुसती किंमत वाढली नाही. बीन्स यादीतून साफ गेले, आटवलेले दूधही गेले. मैदा 535 पौंडांवर पोचला, सोबतीला पॅनकेकचे तयार पीठ 134 पौंड आणि डुकराची कलेजी 25 पौंड आली. कोबी आणि पालक राहिले. मैद्याचा भाव स्वतः पावणेदोनपटीच्या पुढे गेला होता, तरी तो जास्त घ्यावा असे उत्तर आले, कारण इतरांच्या तुलनेत तो अजूनही परवडत होता.

'स्वस्त आणि पौष्टिक पदार्थांची यादी' अशी कायमची गोष्ट नसते, हे इथे दिसते. यादी त्या वेळच्या भावांची असते. चार-पाच वर्षांपूर्वी बरोबर असलेली खरेदीची सवय आज महाग पडत असू शकते, आणि सवय असल्यामुळेच ते लक्षात येत नाही.

मग हे कुणी खाल्ले का?

नाही. खावे असे स्टिगलर यांनाही वाटत नव्हते. घर, करमणूक, फुरसत यांवर पैसे उरावेत म्हणून जेवणाच्या टेबलावर अशी टोकाची काटकसर करणे हा मूर्खपणा होईल, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्यांना दाखवायचे होते ते वेगळेच. त्या काळचे आहारतज्ज्ञ जे 'अल्प खर्चाचे' आहार सुचवत, ते या तळाच्या दोन-तीन पट महाग होते. वरचा पैसा कुठे जात होता? चवीत, वैविध्यात, पदार्थाच्या प्रतिष्ठेत. स्टिगलर यांची तक्रार या खर्चाबद्दल नव्हती. चव आणि वैविध्य किती असावे हा आहारतज्ज्ञांचा स्वतःचा अंदाज असतो आणि तो शास्त्राच्या पांघरुणाखाली लपवला जातो, ही त्यांची तक्रार होती.

मला ही तक्रार रास्त वाटते, आणि तिचा रोख उलट बाजूनेही वळवता येतो. जेवणाच्या खर्चातला निम्म्याहून मोठा भाग जर पोषणाचा नसून ते घशाखाली उतरण्याचा असेल, तर तो भाग 'जिभेचे चोचले' म्हणून झटकता येत नाही. न खाल्लेल्या स्वस्त अन्नाची किंमत कचऱ्याच्या डब्यात दिसते. महिन्याच्या दहा तारखेला सगळ्यांना कंटाळा येऊन बाहेरून काही मागवले, की त्या एका जेवणात आठवड्याची बचत जाते. कांदा, मसाला, चमचाभर तेल, चहा: चाळणीत हे सगळे नापास होतात. पण याच चार वस्तूंच्या जोरावर साडेतीनशे ग्रॅम बीन्स माणूस तिसऱ्या दिवशीही खातो. हा खर्च हिशेबात उघडपणे, स्वतःच्या रकान्यात हवा.

डँट्झिग यांचे पथ्य

हा रकाना सोडला तर काय होते, ते डँट्झिग यांनी स्वतःवरच पाहिले. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ते रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेत होते. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले, तेव्हा आहार संगणकाकडून ठरवून घ्यायचा असे त्यांनी मनावर घेतले. इथे पैसा वाचवायचा नव्हता, तर कॅलरीच्या मर्यादेत पोट जास्तीत जास्त भरल्यासारखे वाटायला हवे होते. त्यासाठी त्यांनी माप धरले ते अन्नातले पाणी वजा करून उरणाऱ्या वजनाचे. संगणक आयबीएम 701, आणि माहिती पाचशेहून जास्त पदार्थांची. पत्नी ॲन यांना सांगून ठेवले की यंत्र सांगेल ते रांधायचे.

यंत्राने पहिल्या दिवशी 500 गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितले. जवळपास 1,900 लिटर. व्हिनेगरमध्ये कॅलरी नाहीत आणि तक्त्यात त्याच्या नावापुढे पाणीही मांडलेले नव्हते, त्यामुळे यंत्राच्या लेखी ते सगळे भरीव, बिनकॅलरीचे अन्न होते. व्हिनेगर काढून टाकले. पुढचे उत्तर आले: रोज सूपच्या 200 वड्या. डँट्झिग यांनी सकाळी त्यातल्या तीन कपभर गरम पाण्यात घालून पाहिल्या, तर तोंडात नुसता खारट पाक. मिठाची कमाल मर्यादा घालायला हवी हे कुणाच्या डोक्यातच आले नव्हते, कारण शहाणा माणूस इतके मीठ खातच नाही. वड्यांवर मर्यादा घातली. मग रोज दोन पौंड कोंडा. कोंड्यावर मर्यादा घातली. मग मळी, म्हणजे साखर काढून झाल्यावर उरणारा काळा पाक. शेवटी ॲन म्हणाल्या की यंत्राच्या काही कल्पना कामाच्या आहेत, पण आता पथ्य मी ठरवते. त्या पथ्याने डँट्झिग यांचे वजन 22 पौंडांनी उतरले.

गंमत बाजूला ठेवली तर यातून एक साधे हत्यार हाती लागते: कमाल मर्यादा. स्वस्त पदार्थ किती घ्यायचा याला वरचे टोक हवे. आठवड्यातून दोनदाच, एका वेळी एवढेच. किमान गरजा सगळेच लिहितात. कमाल कुणी लिहीत नाही, आणि योजना मोडते ती तिथेच.

तक्त्यात जे नव्हते

नऊ घटक म्हणजे पोषण, असे स्टिगलर यांनीही मानले नव्हते. पण 1945 मध्ये मोजता येणाऱ्या गोष्टी मोजक्या होत्या. ब-12 जीवनसत्त्व वेगळे काढले गेले तेच 1948 साली. झिंक, फॉलिक आम्ल, शरीराला लागणारी स्निग्धे, यांपैकी काहीच हिशेबात नव्हते. तक्त्यातले लोह आणि शरीराने घेतलेले लोह यांतही अंतर असते: कडधान्यातले फायटेट लोहाला धरून ठेवते, पालकातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला. कोबी उकळून पाणी फेकले तर 'क' जीवनसत्त्व मोरीत जाते. म्हणून पाच पदार्थांवर उभा असलेला आहार कागदावर पुरा असला तरी ठिसूळ असतो. वैविध्य चवीसाठी तर हवेच, पण आपल्याला माहीत नसलेल्या गरजांसाठीही तोच सर्वांत स्वस्त विमा आहे.

सरकारी ताट

हेच गणित पुढे अमेरिकी धोरणात शिरले. कृषी खात्याने 1961 मध्ये 'इकॉनॉमी फूड प्लॅन' आणला. पैसे कमी असताना तात्पुरते भागवायला, असे त्याचे वर्णन होते. सोशल सिक्युरिटी विभागातल्या मॉली ओर्शान्स्की यांनी त्याच दशकात त्या खर्चाची तिप्पट म्हणजे दारिद्र्यरेषा, असे सूत्र मांडले, कारण 1955 च्या पाहणीत कुटुंबे उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग अन्नावर खर्च करताना दिसली होती. तात्पुरत्या ताटावर कायमची रेषा उभी राहिली. 1975 पासून त्या योजनेची जागा 'थ्रिफ्टी फूड प्लॅन'ने घेतली. गरिबांना अन्नासाठी मिळणारी मदत, आज जिला स्नॅप म्हणतात, तिची कमाल रक्कम याच योजनेच्या खर्चावरून ठरते. हिशेबाचा नमुना चौघांच्या कुटुंबाचा: 20 ते 50 वयाचे स्त्री-पुरुष, आणि 6 ते 8 व 9 ते 11 वयाची दोन मुले.

इथे गणिताचा रोख बदललेला आहे. ही योजना सर्वांत स्वस्त ताट शोधत नाही. पोषणाच्या आणि पैशाच्या मर्यादा पाळून, लोक आज जे खातात त्यापासून कमीत कमी दूर जाणारे ताट शोधते. स्टिगलर यांना आहारतज्ज्ञांनी उघड करावीशी वाटलेली गोष्ट ती हीच, फक्त आता ती समीकरणात लिहिली गेली. तरी एक टोक बांधलेलेच राहिले: 2006 पर्यंतच्या प्रत्येक फेरआढाव्यात महागाई वगळता खर्च आहे तिथेच ठेवायचा, ही अट होती. 2021 मध्ये ती पहिल्यांदा उठली. मासे आणि लाल-नारिंगी भाज्या वाढल्या, कॅलरीही किंचित वाढल्या, आणि ऑक्टोबर 2021 पासून योजनेचा खर्च 21 टक्क्यांनी वर गेला.